डिस्चार्ज कार्ड

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या मॅनेजरबाईंनी सगळ्यांना हेडफोन काढून मधल्या खोलीत यायला सांगितलं. सगळे म्हणजे अकराजण. एके काळी आम्ही चाळीसच्या वर होतो आणि शनिवार पेठेतल्या त्या इमारतीचे दोन मजले आमच्याकडे होते. मग एक मजला सोडला. उरलेल्या मजल्यावरची अर्धी जागा एका क्लासला दिली, आणि दुपारी भिंतीपलीकडून फिजिक्सची सूत्रं ऐकू यायला लागली. तेव्हा काहीतरी होणार हे दिसत होतं. पण ते त्या मंगळवारीच होईल असं वाटलं नव्हतं. मी तर जाता जाता पाण्याची बाटली भरून घेतली, संध्याकाळपर्यंत पुरेल म्हणून.

बाईंनी हातातला कागद वाचायला सुरुवात केली. कागद इंग्रजीत होता. एकोणीस वर्षांत त्या आमच्याशी इंग्रजीत कधी बोलल्या नव्हत्या. दोन-तीन वाक्यं झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, मराठीत सांगा ना."

त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाल्या, "काम आजपासून बंद. पगार महिनाअखेरपर्यंत मिळेल. माझंही तेच."

एवढंच. एकाने विचारलं ते डब्याबद्दल, आता इथेच जेवायचं की घरी जायचं. आम्ही तिथेच जेवलो.

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण मुलाखतींमध्ये मला ते फार वेळा सांगावं लागलं आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर "असंही काम असतं?" असा भाव यायचा. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटला तपासून झालं की त्याची सगळी हकीकत तोंडी रेकॉर्ड करतात. ते रेकॉर्डिंग आमच्याकडे यायचं. आम्ही हेडफोन लावून ते ऐकायचं आणि टाइप करायचं. टेबलाखाली शिवणयंत्रासारखं एक पेडल असायचं, ते दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, टाचेने दाबलं की मागे. मी बी.एस्सी. झालेली, विषय वनस्पतिशास्त्र. सव्विसाव्या वर्षी तिथे लागले. पहिले सहा महिने रोज रडकुंडीला यायचे, कारण काही डॉक्टर तोंडात घास घेऊन बोलायचे, काही गाडी चालवता चालवता. पुढे कान असा तयार झाला की टेक्सासचा कोण, चीनमधून तिकडे जाऊन स्थायिक झालेला कोण, हे मी दोन शब्दांत सांगायचे. फुप्फुसाभोवती पाणी साचतं त्याचं इंग्रजी नाव मी काही हजार वेळा टाइप केलं असेल. तसं पाणी झालेला माणूस मात्र मी एकही पाहिला नव्हता.

शेवटची तीन वर्षं टाइप करणंही थांबलं होतं. यंत्रच ऐकून लिहायचं आणि आम्ही त्याच्या चुका सुधारायचो. सुरुवातीला चुका इतक्या असायच्या की आम्ही एकमेकींना वाचून दाखवून हसायचो. मग त्या कमी होत गेल्या. त्याचा अर्थ काय होतो हे कळण्याइतक्या आम्ही शहाण्या होतो, पण रोज काम येत होतं आणि रोज आम्ही ते करत होतो.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला घरी गेले. लवकर गेले असते तर सासऱ्यांना दारातच सांगावं लागलं असतं, आणि मला आधी नवऱ्याला सांगायचं होतं. नवरा हडपसरच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्याकडे स्कूटर एकच. ती मी न्यायचे आणि तो कर्वेनगरहून बसने जायचा, एक बदलून दुसरी. मी त्याला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग उद्यापासून गाडी मी नेऊ का?"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मला दुसरं काही सुचलंच नाही गं." ते खरं असावं. तो संकटात नेहमी असंच काहीतरी हाताशी असलेलं उचलतो. त्याची आई गेली तेव्हा त्याने दवाखान्यातून आधी दूधवाल्याला फोन करून उद्यापासून अर्धा लिटर कमी टाका असं सांगितलं होतं. हे मला माहीत होतं, तरी राग यायचा तो आलाच.

मला हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. निदान दुसरी नोकरी मिळेपर्यंत. पण सासऱ्यांना सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर सोसायटीच्या फाटकापाशी आमच्याच विंगमधले एक काका म्हणाले, "कळलं आम्हाला. वाईट झालं. आमच्या भाच्याला विचारून ठेवतो." वॉचमनलाही माहीत होतं. रविवारी विहारात गेलो तर वंदना झाल्यावर तीन बायकांनी मला बाजूला घेतलं. एकीच्या ओळखीच्या पतपेढीत जागा होती, पण वयाची अट पस्तीस.

घरी आल्यावर मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही किती जणांना सांगितलंत?"

"भेटले तेवढ्यांना."

"अहो, पण मला लाज वाटते. लोक बघतात माझ्याकडे."

ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "लाज कसली? चोरी करून गेली का नोकरी?" मग पुढे म्हणाले, "माझ्या वडिलांना पाटबंधारे खात्यात कुणी चिकटवलं? वस्तीतल्याच एका शिपायाने. तो म्हणाला, जागा निघाल्यात, अर्ज टाक. कारण वडील दिसेल त्याला सांगत सुटले होते की मला काम पाहिजे. ते घरात लाजत बसले असते तर मी शिकलो असतो का आणि मला पेन्शन मिळालं असतं का?"

मला ते पटलं नाही. ते दिवस वेगळे होते, असं मी मनात म्हटलं.

माझा बायोडेटा मुलीने तयार करून दिला. ती तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. मी माझ्या हाताने कागदावर सगळं लिहून तिच्यासमोर ठेवलं. ती वाचता वाचता थांबली.

"आई, तू स्किल्समध्ये फूट पेडल लिहिलंयस?"

"मग? सगळ्यांना नाही जमत ते."

"आई, सिरियसली. ते काढ. मेडिकल टर्मिनॉलॉजी, एक्सपर्ट लेव्हल, असं टाक. अटेन्शन टु डीटेल टाक."

"डीटेलकडे लक्ष नसतं तर पेडल जमलं असतं का?" मी म्हटलं. पण काढलं.

तिने मला नोकऱ्यांच्या दोन-तीन साइटवर नाव नोंदवून दिलं. रोज सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचे. बहुतेक अर्जांना उत्तरच यायचं नाही. काहींना अर्ज केल्या केल्या पाच मिनिटांत नकार यायचा, म्हणजे तो माणसाने वाचलेलाच नसायचा. एका ठिकाणी मेडिकल कोडिंगची चाचणी दिली. कोडिंग म्हणजे प्रत्येक आजाराला आणि उपचाराला ठरलेला आकडा लावायचा, विम्यासाठी. आजार सगळे ओळखीचे होते, आकडा एकही नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीने मात्र तीन महिने अभ्यास करून तीच परीक्षा दिली, पास झाली आणि हैदराबादला गेली. मीही अभ्यास केला होता. मी नापास झाले. थोडक्यात हुकलं असं मी घरी सांगितलं, पण फार थोडक्यात नव्हतं.

बाणेरला एका कंपनीत परदेशी पेशंटांशी फोनवर बोलायचं काम होतं. तिथे माझी मुलाखत घेणारी मुलगी माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने कानाला हेडफोन लावायला दिला आणि एका माणसाचं बोलणं ऐकवलं. काय म्हणाला सांगा, म्हणाली. मी शब्दन् शब्द सांगितला. तो मध्ये एकदा खोकला आणि त्यात एका गोळीचं नाव अर्धवट गेलं, ते नावही सांगितलं. ती खूश झाली. मग म्हणाली, "आता तुम्ही बोला. समजा मी पेशंट आहे."

मी बोलले. ती ऐकत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅम, लिसनिंग तर टॉप आहे तुमचं. बट स्पीकिंगमध्ये ना, थोडा मदर टंगचा इन्फ्लुअन्स येतोय."

मी म्हटलं, "येणारच की. एकोणीस वर्षं मी नुसतं ऐकलंय. बोलायला कुणी सांगितलंच नव्हतं."

ती हसली. वाईट मुलगी नव्हती. खालपर्यंत सोडायला आली आणि बसस्टॉप कुठे आहे ते दाखवलं.

असे चार महिने गेले. त्या दिवसांतलं सगळ्यात वाईट काय होतं असं कुणी विचारलं तर मी दुपारचे दोन ते चार असं सांगेन. घरातलं आवरून झालेलं असायचं. सासरे झोपलेले असायचे. टीव्ही लावला आणि कुणी अस्पष्ट बोललं की माझी उजवी टाच आपोआप जमिनीवर दाबली जायची, ते मागे घेऊन पुन्हा ऐकायला. एकदा मुलीने ते पाहिलं. मी टीव्ही लावणं बंद केलं.

सासऱ्यांचे सकाळी फिरायला जाण्यातले एक मित्र आहेत. कॅम्पात त्यांच्या आजोबांपासूनचं घर होतं; आता ते आमच्या मागच्या गल्लीत मुलाकडे राहतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. स्वारगेटच्या पुढे एका मोठ्या हॉस्पिटलच्या समोर त्यांचं दुकान आहे. पाठीचे पट्टे, कुबड्या, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, असलं सामान. एके सकाळी ते सासऱ्यांबरोबरच घरी आले. चहा घेतला. मग मला म्हणाले, "सूनबाई, साहेबांनी मला सांगितलंय तुमचं. माझ्याकडे काही तुमच्या शिक्षणाचं काम नाही. पण काउंटरवर बसणाऱ्या बाई बाळंतपणाला गेल्यात. दोन-तीन महिने या. बसून तरी काय करणार घरात?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

दुकानात उभं राहायचं. मी विचार करून सांगते म्हटलं आणि दिवसभर विचार केला. नवरा म्हणाला, तुला वाटलं तर जा. मुलगी म्हणाली, जा ना, तसंही पोर्टलवर काही होत नाहीये. कुणीच जाऊ नको म्हणालं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी गेले.

काम अवघड नव्हतं. कमरेचा पट्टा मोजून कसा द्यायचा, वॉकरची उंची मनगटापर्यंत कशी लावायची, हे चाचांनी दोन दिवसांत शिकवलं. लोक हॉस्पिटलमधून सुटी मिळाली की सरळ रस्ता ओलांडून आमच्याकडे यायचे, हातात औषधांची पिशवी आणि डिस्चार्ज कार्ड. कार्ड इंग्रजीत. ते काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, यातलं काय लागेल ते द्या. आधीच्या बाई फक्त वस्तूचं नाव शोधायच्या. मी पहिल्या दिवसापासून कार्ड वरपासून खालपर्यंत वाचायला लागले. सवयच तशी होती. खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांनी असं काहीतरी वाचायला मिळत होतं ज्यातलं मला सगळं कळत होतं.

चाचांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "वाचा, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. जे कागदावर आहे तेवढंच सांगायचं. आपल्या पदरचं काही नाही. आपण डॉक्टर नाही."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात एक बाई आल्या. मुळशीकडच्या. नऊवारी, डोक्यावर पदर, पन्नाशीच्या आसपास. म्हणाल्या, "काठी द्या एक. चांगली, बुडाला रबर असल्याली."

"कुणाला?"

"मालकाला. गाडी घसरली, पाय मोडला. आज सोडलाय. डाक्टर म्हनले, घरी नेऊन चालवा त्यास्नी."

मी कार्ड मागितलं. डाव्या नडगीचं हाड मोडलेलं, आत धातूची पट्टी घालून ऑपरेशन केलेलं. शेवटच्या ओळीत सूचना होती की पेशंटला वॉकर घेऊन चालवावं, पण डाव्या पायावर सहा आठवडे अजिबात वजन टाकू नये. ही ओळ मी पूर्वी शेकडो वेळा टाइप केली होती. ती डोळ्यांखालून जायला एक सेकंद लागतो. मी ती पुन्हा वाचली आणि विचारलं, "ते कुठे आहेत?"

"भायेर, रिक्षात."

मी काउंटरमागून बाहेर गेले. रिक्षात एक गृहस्थ बसले होते, पांढरी टोपी, डाव्या पायाला बँडेज. बसले होते म्हणजे उठायच्या बेतात होते. दोन्ही पाय खाली ठेवून, रिक्षाची दांडी धरून, जरा उभं राहून बघू असा विचार चाललेला दिसत होता.

"काका, डावा पाय वर घ्या. टेकवू नका," मी म्हटलं.

"का? डाक्टरनं चालाय सांगितलंय."

"चालायला सांगितलंय, पण त्या पायावर भार न देता. दोन्ही हात वॉकरवर, चांगला पाय खाली, हा पाय अधांतरी. सहा आठवडे. इथे लिहिलंय."

त्यांनी कार्ड हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं, परत कार्डाकडे पाहिलं. "लिवलंय तर मग विंग्रजीत कशापाई लिवलंय?"

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. पण तुम्ही परत आत जा आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. मी सांगते म्हणून करू नका."

ते गेले. रिक्षावाला कुरकुरला, पण त्याने रिक्षा वळवली. तासाभराने त्या बाई येऊन वॉकर घेऊन गेल्या. पिशवीतून दोन सीताफळं काढून काउंटरवर ठेवली आणि गेल्या.

दुपारी एक तरुण डॉक्टर दुकानात आला. गळ्यात ओळखपत्र, डोळे जागरणाने लाल. चाचा नमाजाला गेले होते. त्याने विचारलं, "पेशंटला परत वर पाठवलं ते कुणी? तुम्ही?"

"हो."

"तुम्ही कोण, नर्स आहात?"

"नाही. टायपिस्ट होते."

त्याला ते काही झेपलं नाही. म्हणाला, "मी सांगितलं होतं त्यांना. सगळं सांगितलं होतं."

मी म्हटलं, "तुम्ही 'चालवा' म्हणालात असं त्या म्हणाल्या. पुढचं त्यांना आठवत नव्हतं. काठी घ्यायला आल्या होत्या."

तो "ठीक आहे" म्हणून गेला. मला वाटलं, आता हॉस्पिटलमधून तक्रार येणार आणि चाचांच्या दुकानाला त्रास होणार. चाचा परत आल्यावर मी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कागदावरचंच सांगितलं ना?" मी हो म्हटलं. "मग बसा," म्हणाले.

तीन दिवसांनी एक सिस्टर आल्या. पुरुषांच्या वॉर्डच्या इन्चार्ज, रिटायर व्हायला एखाद-दुसरं वर्ष राहिलेल्या. आल्या त्या गुडघ्याचा पट्टा घ्यायला, स्वतःसाठी. पट्टा घालून बघता बघता म्हणाल्या, "त्या मुळशीच्या पेशंटला परत पाठवणाऱ्या तुम्हीच का?" मग माझी सगळी माहिती विचारून घेतली. मी एकोणीस वर्षं काय करत होते हे ऐकून त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही, आणि तसं न वाटलेली ती पहिलीच व्यक्ती. म्हणाल्या, "आमच्याकडे सकाळी दहा-बारा डिस्चार्ज असतात. एकेकाबरोबर पाच पाच नातेवाईक. माझ्या मुलींनी इंजेक्शनं द्यायची का कार्ड वाचून दाखवायची? वर कार्डात टायपिंगच्या चुका, त्या मी काढते चष्मा लावून. ऑफिसात अर्ज द्या. मी बोलते."

अर्ज दिला. ऑफिसातल्या माणसाने तो वाचून परत केला. अशी पोस्ट नाही, म्हणाला. सिस्टरांनी पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, नर्सिंग झालंय का? तिसऱ्यांदा तो रजेवर होता. चौथ्यांदा त्याच्या समोर सिस्टर स्वतः बसल्या होत्या आणि शेजारी तो लाल डोळ्यांचा डॉक्टर उभा होता. डॉक्टर ऑफिसच्या माणसाला म्हणाला, "सर, रेकॉर्डमध्ये एक जागा रिकामीच आहे ना?" अशा रीतीने मी नावाला मेडिकल रेकॉर्डची क्लार्क झाले, काम सिस्टरांच्या वॉर्डात कार्डं समजावून सांगायचं. करार अकरा महिन्यांचा, पगार पूर्वीपेक्षा बराच कमी. हे सगळं व्हायला पाच आठवडे लागले, आणि तेवढे दिवस मी पट्टे मोजत होते.

पहिल्या दिवशी मी वॉर्डात गेले. एकोणीस वर्षं ज्यांच्याविषयी लिहिलं ते असे रांगेने पडलेले पाहिले नव्हते. वास येत होता. कुणीतरी कण्हत होतं. सहा नंबरच्या खाटेवर एक म्हातारे बाबा होते, भोरकडचे, छातीतून पाणी काढलेलं. फुप्फुसाभोवतीचं पाणी, तेच. मी त्यांच्या उशाशी उभी राहिले आणि कार्ड मराठीत सांगायला लागले. सांगायला लागले म्हणजे कसं, तर जसं डॉक्टर रेकॉर्ड करतात तसं. उजव्या बाजूला अमुक इतकं पाणी होतं, ते काढलं, तपासणीत असं आलं, यकृत ठीक, मूत्रपिंड ठीक, गोळ्या रोज, सहा महिने, पुन्हा दाखवायचं दोन आठवड्यांनी. एका दमात. माझ्या मते एकही गोष्ट सुटली नव्हती.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते सगळं खरं हाय बाई. पन मी बरा हाय का न्हाई?"

हे कार्डात कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि आपल्या पदरचं सांगायचं नव्हतं. मी सिस्टरांना बोलावलं. त्या येऊन म्हणाल्या, "बरे आहात बाबा, म्हणून तर घरी सोडतोय. पण गोळ्या सहा महिने सोडायच्या नाहीत. सोडल्यात तर परत इथेच." बाबा म्हणाले, "आसं सांगा की मग." आणि पायात चपला शोधायला लागले.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. आधी स्टूल ओढून बसायचं. घरी कोण कोण आहे ते विचारायचं, कारण गोळ्या देणारी व्यक्ती बहुधा समोर नसतेच, ती घरी स्वयंपाक करत असते. मग तीनच गोष्टी सांगायच्या आणि त्या त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायच्या. बाकीचं कागदावर मराठीत लिहून द्यायचं, मोठ्या अक्षरात. एकदा एका मुलाने बापाची सगळी पथ्यं बिनचूक म्हणून दाखवली आणि जाताना विचारलं, आता यांना दारू कधीपासून चालेल. सिस्टर हसू आवरेना म्हणून आत गेल्या.

चूक माझ्या हातूनही झाली. एका कार्डात गोळी दिवसातून एकदा होती, मी घाईत दोनदा असं लिहून दिलं. पेशंट गेल्यावर अर्ध्या तासाने लक्षात आलं. फोन लागेना. मी बसस्टॉपवर पळत गेले, ते तिथे नव्हते. शेवटी संध्याकाळी फोन लागला, गोळी अजून घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहिलेलं आधी मला दाखवत जा, महिनाभर." महिनाभर दाखवलं. अजूनही अधूनमधून दाखवते.

चाचांच्या दुकानातल्या बाई बाळंतपणाहून परत आल्या, तेव्हा मी त्यांना कार्ड कसं वाचायचं ते चार-पाच दुपारी बसून शिकवलं. त्या बारावी झालेल्या आहेत, पटकन शिकल्या. आता वॉर्डात काही चुकलं तर त्या दुकानातून मला फोन करतात.

सिस्टर या वर्षी रिटायर होतात. त्यांच्या जागी कोण येईल आणि त्यांना माझी गरज वाटेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. माझा करार पुढच्या महिन्यात संपतो. ऑफिसातल्या माणसाला विचारलं तर तो "बघू" म्हणतो. पूर्वी मी या "बघू"वर वर्षभर बसून राहिले असते. आता मी दुसऱ्या दोन हॉस्पिटलांत अर्ज देऊन ठेवलेत आणि कोडिंगच्या परीक्षेचं पुस्तक पुन्हा काढलंय. मैत्रीण हैदराबादहून रविवारी फोनवर शिकवते. आकडे अजूनही डोक्यात राहत नाहीत, पण मागच्यापेक्षा जास्त राहतात.

उद्या नऊ डिस्चार्ज आहेत. त्यांतले दोन शिरूरचे आहेत, त्यांना दहाची बस गाठायची आहे, म्हणून मी जरा लवकर जाणार आहे.